ऋषिपंचमीची भाजी आणि परसदारचे ऋण

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगणरायाची प्रतिष्ठापना होते, मोदकांचा नैवेद्य होतो, आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या चुलीवर एक असे पातेले चढते की ज्यात ना तेल, ना मसाला, ना गुळाचा खडा. देवघरापुढे पाट मांडून त्यावर सात सुपाऱ्या ठेवलेल्या असतात : कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ. आठवी सुपारी अरुंधतीची. या ऋषिमंडळाला जो नैवेद्य रुचतो तो अळू, माठाचे देठ, दोडका, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, काकडी, सुरण आणि मक्याच्या कणसाचे तुकडे एकत्र शिजवून केलेल्या साध्या भाजीचा. तिच्या जोडीस भगर. या दिवशी बैलाच्या कष्टाचे काहीही मुखात घालावयाचे नाही, हा या व्रताचा दंडक आपल्या घरोघरच्या माउलींना तोंडपाठ आहे. नांगरलेल्या शेतातील धान्य नको; तेल नको, कारण घाणा बैलाने फिरविला; गूळ नको, कारण उसाचा चरकही बैलानेच ओढला. परसदारी हाताने खणून, हाताने पाणी घालून जे पिकले तेवढेच आजच्या पानात.

या दंडकावर आम्ही उभ्या आयुष्यात किती कीर्तने केली असतील याची गणती नाही. आमचे मूळ घर अंबडचे, मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी. त्या माशाच्या आकाराच्या टेकडीच्या सावलीत आम्ही संस्कृत शिकलो, शिकविले, आणि नारदांच्या गादीची सेवा केली. ऋषिपंचमीचे माहात्म्य आम्ही पूर्वरंगात सांगत असू, उत्तररंगात त्यावर आख्यान लावीत असू, आणि श्रोते माना डोलावीत असत. पण एका प्रश्नाने आमच्या या विद्वत्तेची झाकली मूठ उघडी पाडली. ती कथा आज वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आहे.

सहधर्मचारिणीच्या निधनानंतर आम्ही अंबडचे घर बंद करून चिरंजीवांकडे अंकुशनगरास आलो. अंबड तालुक्यातच, महाकाळा गावालगत, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वसाहत. अंकुशराव टोपे यांच्या नावाने ती ओळखली जाते. गोदावरी जवळ, आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा याच मुलुखातून पुढे परभणीकडे जातो. त्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जेथे आमच्या बालपणी ज्वारी-बाजरीच्या पलीकडे दृष्टी जात नसे, तेथे आज दोन्ही अंगांस ऊस डुलताना दिसतो.

वर्षश्राद्ध होऊन गेले होते. गणेशचतुर्थीच्या रात्री वसाहतीतील मंडळींच्या आग्रहावरून आम्ही कीर्तनास उभे राहिलो. विषय अर्थातच ऋषिपंचमी. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि महाविद्यालयात जाणारी एक मुलगी पुढे येऊन नमस्कार करून म्हणाली, “महाराज, एक विचारू? आमच्या घरी आता बैलच नाही. नांगरट ट्रॅक्टरने, तेल गिरणीचे, पीठ चक्कीचे. मग आमचे रोजचेच जेवण ऋषीचे झाले की! एका दिवसाचे व्रत कशाला?”

भोवतालची मंडळी हसली. आम्हीही हसलो, एक दृष्टान्त सांगितला आणि वेळ मारून नेली. पण मनाला ठाऊक होते, की उत्तर दिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी मोठ्या निष्ठेने पूजा मांडली. भाजी बाजारातून आणलेली होती. या दिवसांत ऋषीच्या भाजीचे वाटेच विकावयास येतात. एका वाट्यात सर्व जिन्नस थोडे थोडे. भाजी रुचकर होती, सूनबाईंच्या हाताला चव आहे. पण पानावर बसल्यावर आम्हांला प्रथमच उमगले, की यातील एकाही पानाचा, एकाही देठाचा जन्म आम्हांला ठाऊक नाही. आणि त्याहून अधिक बोचले ते असे, की त्यापूर्वीची ३७ वर्षे जी भाजी अंबडच्या परसदारातून आमच्या पानात येत होती, तिचाही जन्म आम्ही कधी पाहिला नव्हता. आम्ही ओसरीवर ग्रंथ उघडून बसलेले असू. परसदारी खुरपे चालत असे ते दुसऱ्याचे.

त्या रात्री आम्ही ग्रंथांकडेच वळलो, कारण सवय तीच. संस्कृतात ‘अकृष्टपच्य’ असा एक सुंदर शब्द आहे. न नांगरता जे पिकते ते अकृष्टपच्य, आणि नांगरून पिकते ते कृष्टपच्य. रुद्राभिषेकानंतर आपण जो चमक म्हणतो, त्याच्या पाचव्या अनुवाकात भक्ताने देवाकडे या दोहोंचीही मागणी केलेली आहे. चौथ्या अनुवाकातील धान्यांच्या मालिकेत भात, जव, उडीद, तीळ यांच्या जोडीस नीवार आणि श्यामाक ही तृणधान्येही आहेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थास फाळाने नांगरलेल्या भूमीतील अन्न वर्ज्य सांगितले आहे. म्हणजे ऋषिपंचमीच्या दिवशी गृहस्थ एक दिवसापुरता आश्रमवासी होतो.

पण शास्त्रकारांना नांगर पापमय वाटत होता काय? मुळीच नाही, तसे असते तर चमकात कृष्टपच्याची मागणी आली नसती. पंचांग उघडून पाहावे. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे लोण्याहळदीने मळावयाचे, दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळीचा घास द्यावयाचा. आणि त्यानंतर पाचव्याच दिवशी ऋषिपंचमी. अमावास्येला बैलाची पूजा, पंचमीला त्याच्या श्रमाविना जेवण. हे दोन सण म्हणजे एकाच ऋणपत्राची दोन पाने होत, असे आम्हांला वाटू लागले. एका पानावर ऋण मान्य केले आहे. दुसऱ्यावर ते थोडे तरी आपल्या हाताने फेडण्याचा संकल्प आहे. शब्दार्थ येथवर पोहोचला. पण हाताला माती लागल्यावाचून हा अर्थ पुरता कळणार नाही, हेही ध्यानात आले.

अंबडच्या घरी जाऊन आम्ही स्वयंपाकघरातील देवळी उघडली. तेथे एका पत्र्याच्या डब्यात राखेत घोळलेल्या बियांच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेल्या पुरचुंड्या होत्या. काहींना तांबडा दोरा, काहींना पांढरा, काहींना गाठी दोन. या खुणांचा अर्थ जाणणारी व्यक्ती आता नव्हती. भोपळा, दोडका, कारले यांची बी ओळखू आली; पण बारीक, काळी, चकचकीत बी माठाची की राजगिऱ्याची, हे पाणिनीच्या सूत्रांतून कळण्याजोगे नव्हते. सर्व पुरचुंड्या घेऊन आम्ही अंकुशनगरास परतलो. चिरंजीवांच्या घरामागे आठ हात रुंद व बारा हात लांब अशी जागा होती. रोहिणी नक्षत्र लागताच, वयाच्या साठीनंतर, आम्ही कुदळ हाती धरली.

पहिले वर्ष फजितीचे गेले. बारीक बी आम्ही बोटभर खोल पुरली. ती उगवलीच नाही. पुढे शेजारच्या एका आजीबाईंनी सांगितले, की माठासारखी बी वाळूत मिसळून वाफ्यावर विखरावी आणि वर मातीचा पातळसा हात फिरवावा. दुधी भोपळ्याला आम्ही भक्तिभावाने दोन वेळा पाणी घातले. काळी माती पाणी धरून ठेवते. मुळे कुजून वेल बसला. दोडक्याला पिवळी फुले आली आणि गळून पडली. आम्ही रोग समजून हळहळलो. वास्तविक दोडक्या-भोपळ्याच्या वेलाला आधी नरफुले येतात, ती गळणारच. मागाहून जे फूल आपल्या देठाशी इवलेसे फळ घेऊन येते ते मादीफूल. मधमाशीने परागांची ने-आण केली तरच ते फळ वाढीस लागते. इतकी वर्षे भक्तीला भ्रमराचे दृष्टान्त देणाऱ्या आम्हांला भ्रमराचे खरे काम त्या दिवशी कळले.

दुसऱ्या वर्षी मात्र परसदाराने हात दिला. आणि हळूहळू एक गोष्ट स्पष्ट झाली, की आपले सणवार आणि परसबाग यांचे वेळापत्रक एकमेकांत गुंफलेले आहे.

रोहिणी-मृगात आळी करून, त्यांत शेणखत व राख घालून वेलभाज्यांची बी टोचावयाची. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, भरलेली वांगी मनसोक्त खाऊन घ्यावयाची, कारण एकादशीपासून चातुर्मास, आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. वांग्याची रोपे आपण याच सुमारास लावतो. तीच रोपे वाढून, फुलून, कार्तिक-मार्गशीर्षात भराला येतात. तेव्हा चंपाषष्ठी येते आणि खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य होतो. ज्या काळात झाडाला वाढू द्यावयाचे त्या काळात जिभेला आवर, आणि झाड देऊ लागले की नैवेद्य. या मेळात पूर्वजांचा हेतू किती व योगायोग किती, हे आम्ही सांगत नाही. परसदारी उभे राहिले की मेळ मात्र दिसतो.

श्रावणात नागपंचमीला खणणे नाही, चिरणे नाही, तवा नाही. वाफेवरची पुरणाची दिंडे करावयाची. त्या दिवशी खुरपेही विश्रांती घेते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात वर्षाऋतूत जठराग्नी मंद असतो व हेमंतात बलवान असतो असे सांगितले आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’त चातुर्मासाच्या चार महिन्यांसाठी क्रमाने शाक, दही, दूध आणि द्विदल वर्ज्य करण्याची व्रते दिली आहेत. श्रावणात पालेभाजीवर चिखल असतो, कीड असते. त्या महिन्यात तिला जरा वाढू द्यावे आणि दोडका, पडवळ, कारले यांवर भागवावे, हे आम्हांला दोन पावसाळ्यांनी शिकविले.

भाद्रपदात परसदार ओसंडून वाहते. ऋषीच्या भाजीपाठोपाठ आमच्या मराठवाड्यात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. सोळा भाज्या विकत आणावयाच्या म्हटल्या तर खिशाला चिमटा. परसदारी मात्र दोन पाने येथली, चार शेंगा तेथल्या, असे म्हणता म्हणता बाराचा आकडा सहज गाठला जातो. आश्विनात घटाभोवती माती पसरून आपण सप्तधान्य पेरतो. ज्याला अंगणही नाही त्याच्याही घरी नऊ दिवसांची बाग उगवते.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मेथी, शेपू, करडई, चुका, कोथिंबीर आणि मुळ्याचे वाफे. याच वेळी कुंपणावर वाल आणि घेवडा चढलेला असतो. या शेंगवर्गीय वेलींच्या मुळांवर गाठी असतात व त्यांतील सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीत बांधतात. म्हणून भोपळ्याने भूक काढलेल्या जागी पुढे वाल लावावा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. वालाचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, बोरे यांची तीळ लावलेली भाजी. कोणी तिला खेंगट म्हणतात. सोबत बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लोणी. हेमंतातल्या बलवान अग्नीला जड अन्न सोसते, ते हे. मग चैत्र येतो. वाफे सुकतात, पण शेवगा शेंगांनी लवतो, आणि गौरीपुढे कैरीची डाळ व पन्हे ठेवले जाते. एक फेरा पुरा होतो.

आमचा जिल्हा पाण्याच्या बाबतीत दुर्दैवी. १९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. आमच्या मातोश्री मोरीचे पाणी केळीच्या बुंध्याकडे वळवीत, ते आठवते. २०१२-१३ च्या टंचाईत जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. त्या वर्षी आमच्या सहधर्मचारिणीने भाजी धुतलेले पाणी, तांदळाचे धुवण, सोवळे पिळलेले पाणी, असे थेंब थेंब साठवून मोरीजवळचा अळू जगविला होता. “अहो, एवढ्यासाठी कशाला त्रास?” असे आम्ही म्हटले होते. त्या म्हणाल्या होत्या, “पंचमीला देठ कुठून आणायचे?” एवढेच. त्या वाक्याची थोरवी तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. अंकुशनगरातील आमचा अळू त्याच कंदांचा आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर आम्हांला ग्रंथाने दिले नाही, तसे एकट्या परसदारानेही दिले नाही. ते गळीत हंगामात मिळाले.

दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि वसाहतीचे रूप पालटते. ट्रॅक्टर तर येतातच, पण बैलगाड्याही येतात. उसाने लादलेली गाडी, चढावर गुडघे मोडू पाहणारे बैल, आणि पुढे कासरा धरून चालणारा गाडीवान. ऊसतोडीवर येणाऱ्या जोडप्याला या धंद्यात ‘कोयता’ असेच म्हणतात. माणसाचे नाव हत्याराने घेतलेले आहे. त्यांच्या कोपी मोकळ्या जागी उभ्या राहतात. त्या पहाटे अंधारात ऊस तोडणारी माउली डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. आमच्या चहातली साखर, गणरायाच्या पंचखाद्यातली खडीसाखर, या खांद्यांवरून येते. म्हणजे बैल गेला हे खरे नाही. तो आमच्या दृष्टीआड गेला, एवढेच. आणि जेथे खरोखरीच गेला, तेथे त्याच्या जागी कोणाचे तरी खांदे आले.

गेल्या भोगीला आम्ही परसदारची वांगी व वालाच्या शेंगा घेऊन जवळच्या कोपीपाशी गेलो. त्या घरची बाई संकोचली. मग कोपीमागे जाऊन मेथीची जुडी घेऊन आली. दोन हात जागेत तिने मेथी आणि कोथिंबीर टाकली होती. आम्ही विचारले, “बाई, चार महिन्यांनी तुम्ही जाणार, मग हा खटाटोप?” ती म्हणाली, “महाराज, असू तवर आमी खाऊ, गेल्यावर कुनीबी खाईल. जमीन मोकळी कशाला ठेवायची?” मनुस्मृतीतला वानप्रस्थ आम्ही पोथीत पाहिला होता, संग्रहावाचूनचे पेरणे आम्ही त्या कोपीमागे पाहिले.

यंदा पुन्हा चतुर्थीस आम्ही कीर्तनास उभे राहिलो आणि ती मुलगी समोर बसलेली पाहून उत्तररंगात तिचाच प्रश्न घेतला. आम्ही म्हणालो, “बाळ, बैल नाही म्हणून व्रत आपोआप घडत नाही. ३६४ दिवस आपण दुसऱ्याच्या श्रमाचे खातो. बैलाच्या, गाडीवानाच्या, कोयत्याच्या, आणि घरातल्या खुरप्याच्याही. त्यात पाप नाही, पण विसर पडला तर पाप आहे. वर्षातून एक दिवस आपल्या हाताने पिकविलेला एक तरी देठ पानात असावा, म्हणजे उरलेल्या दिवसांचे ऋण आठवते. ऋषींनी दुसऱ्याला श्रमविले नाही, एवढ्याचसाठी त्यांची भाजी गोड.” आरतीनंतर ती म्हणाली, “महाराज, आमच्या गच्चीवर तेलाचे दोन रिकामे डबे आहेत. त्यात काय येईल?” आम्ही तिला अळूचे दोन कंद दिले. प्रश्नाचे इतके चांगले उत्तर आम्हांला आजवर कोणी दिलेले नाही.

भाजीची कृती प्रत्येक घरची वेगळी, म्हणून आमच्या घरची सांगून ठेवतो. अळूची पाने व सोललेले देठ बारीक चिरावेत. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने घसा खवखवतो. म्हणून चिंचेचा कोळ घालून अळू पुरता शिजवावा. सुरण व मक्याचे तुकडे प्रथम, मग माठाचे देठ, भोपळा, शेवटी दोडका, पडवळ, काकडी, भेंडी. मीठ आणि परसदारची हिरवी मिरची. आमच्याकडे घरच्या लोण्याचा गोळा वर सोडतात. तोही नको असेल तर ओले खोबरे पुरे. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यावी. ढवळण्याची घाई नको.

आणि एक विनंती. आज भोपळा चिराल, तेव्हा बिया टाकून देऊ नका. धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून, चिंधीत बांधून देवळीत ठेवा. आणि पुरचुंडीवर कशाचे बी आहे ते मात्र लिहून ठेवा. पुढच्या रोहिणीत घरातल्या लहान मुलाच्या हाताने त्यांतले एक बी मातीत जाऊ द्या. पुढल्या पंचमीला त्या वेलाचे एक फळ जरी सात सुपाऱ्यांपुढे आले, तरी ऋषिमंडळ तृप्त होईल, अशी आमची श्रद्धा आहे.